कचरागाडीचा जिल्हा

मुंबई उपनगर हा आजचा जिल्हा कागदोपत्री १ ऑक्टोबर १९९० चा. मी मात्र त्याचा इतिहास कचऱ्याच्या गाडीपासून मोजतो. कुर्ला-चेंबूर लोहमार्ग १९०६ साली झाला तो शहराची घाण वाहून नेण्यासाठी. उतारूंना त्यावर जागा मिळाली १९२४ साली! १९२७ मध्ये देवनारचे डंपिंग आले. मग शहराला नकोशी झालेली माणसेही त्याच दलदलीच्या कडेला आली. याला योगायोग म्हणायचे, तर मनूने गावाबाहेर घातलेली चांडाळांची वस्तीही योगायोगच.

मानखुर्दजवळची जनता कॉलनी घ्या. शहरातून उठवलेल्या झोपडीवासीयांना पालिकेनेच तिथे आणून टाकले होते. त्यांनी ओसाड जागेवर संसार उभे केले. शेजारी अणुसंशोधन केंद्र आले आणि त्याला ती जमीन हवीशी झाली. जोकिन अर्पुतम यांच्या पुढाकाराने लोक रस्त्यावर आणि कोर्टातही लढले. तरी मे १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, सुमारे ७०,००० माणसांची ती वस्ती उठवली गेली. माणसे चिता कॅम्पला नेली.

वर्गात मी जिल्ह्याचे तीन तालुके विचारतो: कुर्ला, अंधेरी, बोरिवली. दोन-चार हात वर होतात. कुणाचे घर किती वेळा पाडले, हे विचारले की मागच्या बाकांवरचेही हात वर येतात.