आपल्या हाताचा रंधा

सुताराच्या पेटीतली बरीच हत्यारे लोहाराच्या भट्टीतून येतात. करवत, पटाशी, वाकस, कानस यांचे काम करणारे अंग पोलादाचे असते आणि ते दुसऱ्याने घडवलेले असते. रंध्याचे तसे नाही. त्याचे पाते तेवढे पोलादी; बाकी सारा देह लाकडाचा असू शकतो, आणि लाकडावर हात बसलेल्या माणसाला तो स्वतः करता येतो. पुढील पानांचा विषय हाच आहे. लाकूडकामाची नुकती आवड लागलेल्यांसाठी ती लिहिली आहेत, तशीच वर्षानुवर्षे लोखंडी रंधा चालवत आलेल्या जाणत्यांसाठीही.

बाजारात तयार रंधा मिळतो, यंत्रावर फळी क्षणात सपाट होते; मग एवढी खटपट कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे आणि वाचकांनी तो मनात ठेवूनच पुढे वाचावे. उत्तर असे की विकतच्या रंध्यात काही निर्णय दुसऱ्या कुणीतरी आधीच घेतलेले असतात. पाते किती अंशांवर कलावे, तळाची फट किती ठेवावी, पात्याची बैठक कुठे घट्ट असावी, हे सारे ठरून येते. स्वतः रंधा करायला बसलात की हे निर्णय तुमच्याकडे येतात आणि त्या प्रत्येकामागचे कारण समजून घ्यावे लागते. ते कारण एकदा समजले की कुठलाही रंधा, अगदी लोखंडीसुद्धा, तुम्ही वेगळ्या जाणिवेने हाती धरता.

ही सारी जाण अखेर एका जागी एकवटलेली आहे: रंध्याच्या तोंडाशी. तळाच्या ज्या फटीतून पात्याची धार खाली डोकावते आणि छिलपी वर येते, ते रंध्याचे तोंड. धार लाकडात शिरते तेव्हा छिलपी उचलली जाते आणि लाकूड धारेच्याही थोडे पुढे चिरत जाते. लाकडाच्या रेषा वरच्या अंगाला निघत असतील तर ही चीर आपोआप संपते आणि पृष्ठभाग गुळगुळीत निघतो. रेषा खाली उतरत असतील तर चीर त्यांच्यामागोमाग खोल जाते, लाकडाचे तंतू उपटले जातात आणि फळीवर खड्डे पडतात. हे थांबवायचे तर धारेच्या अगदी पुढे लाकूड दाबून धरणारे काहीतरी हवे. तोंडाची पुढची कड तेच काम करते, पण ती धारेच्या जवळ असेल तरच. म्हणून शेवटची सफाई करणाऱ्या रंध्याचे तोंड छिलपी कशीबशी निघेल इतके अरुंद ठेवतात, आणि जाड छिलपी काढणाऱ्या पहिल्या हाताच्या रंध्याचे तोंड मोकळे.

आणखी दोन उपाय आहेत. पात्यावर दुसरी एक पोलादी पट्टी धारेच्या अगदी जवळ बसवली की छिलपी उठता उठताच वाकते आणि चीर पुढे धावत नाही. दुसरा उपाय पाते अधिक उभे बसवण्याचा. नेहमीच्या कामाला 45 अंश पुरतात. कठीण किंवा उलटसुलट रेषांच्या लाकडासाठी 50, 55, कधी 60 अंशही ठेवतात. आपल्याकडची शिसवी याच जातीची असल्यामुळे मराठी वाचकांनी उभ्या पात्याच्या प्रकरणाकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. मात्र पाते जितके उभे, तितका रंधा ढकलायला जड.

या हत्याराचा इतिहास मोठा आहे. रोमन काळातले रंधे पाँपेईत आणि इंग्लंडमधल्या सिल्चेस्टर इथे सापडले आहेत. यॉर्कशरमधल्या गुडमनहॅम गावाजवळ 2000 साली मिळालेल्या रोमन रंध्याचा देह तर चक्क हस्तिदंताचा आहे. रोमन रंध्यांत पात्यापुढे एक आडवी लोखंडी कांब असे आणि तिच्याखाली पाचर ठोकून पाते आवळत. ही आडवी कांब वाचकांनी लक्षात ठेवावी, ती पुढे पुन्हा भेटणार आहे. 1514 साली ड्युररने कोरलेल्या ‘मेलंकोलिया’ या चित्रात खिन्न बसलेल्या आकृतीच्या पायाशी रंधा पडलेला दिसतो. 1545 साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवरच्या सुतारकामाच्या सामानातही रंधे मिळाले.

पुढे इंग्लंडमध्ये रंधे बनवणे हा स्वतंत्र धंदा झाला. बीचच्या लाकडाचा अखंड ठोकळा घ्यायचा, त्यात पटाशीने पात्याची बैठक कोरायची आणि पुढच्या तोंडावर कारागिराने आपल्या नावाचा ठसा उमटवायचा, अशी रीत पडली. या ठशांमुळेच सीझर चेलर हे नाव आज आपल्याला माहीत आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या रेंथम गावी फ्रान्सिस निकल्सन रंधे बनवत असे. अमेरिकेतल्या ज्ञात रंधेकारांत तो सर्वांत आधीचा. चेलर हा त्याचा गुलाम, आणि हे काम तो निकल्सनच्याच कार्यशाळेत शिकला. 1753 साली निकल्सन वारला तेव्हा मृत्युपत्राने त्याने चेलरला मुक्त केले. सोबत दहा एकर जमीन, कामाचा बाक, हत्यारे आणि रंधे करण्यासाठी लाकूड दिले. त्यानंतर 1784 मध्ये मृत्यू येईपर्यंत चेलरने स्वतःच्या नावाचा आणि गावाचा ठसा उमटवून रंधे केले. ज्याच्या देहावर एकेकाळी दुसऱ्याची मालकी होती, त्याने लाकडावर स्वतःचे नाव ठोकले. संग्रहालयांत जपलेले ते रंधे अभ्यासताना केवळ कारागिरी पाहून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराने लोखंडी रंध्याला स्क्रूने पाते खालीवर करण्याची सोय केली. 1869 साली स्टॅन्ली कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला, आणि हळूहळू लाकडी रंधे बनवणारे कारखाने मागे पडले. जपानमध्ये मात्र लाकडी रंधा मुख्य हत्यार म्हणून टिकला. त्याला ‘कान्ना’ म्हणतात. तो ओकच्या ठोकळ्याचा असतो, पुढे ढकलण्याऐवजी स्वतःकडे ओढायचा असतो, आणि निमुळते जाड पाते ठोकळ्याच्या खाचांतच आवळून बसत असल्यामुळे त्याला पाचर लागत नाही.

पश्चिमेकडे लाकडी रंध्याला नव्याने मान मिळवून देण्यात जेम्स क्रेनॉव्ह यांचा वाटा मोठा आहे. 1920 साली सायबेरियात जन्मलेले क्रेनॉव्ह स्टॉकहोममध्ये कार्ल माल्मस्टेन यांच्या शाळेत शिकले. 1976 साली त्यांचे पहिले पुस्तक आले आणि 1981 साली त्यांनी कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅग इथे लाकूडकामाचा अभ्यासक्रम सुरू केला. अखंड ठोकळ्यात बैठक कोरणे हे कसबी हाताचे काम. क्रेनॉव्ह यांच्या पद्धतीत ठोकळा उभा चिरून दोन्ही बाजूंच्या पातळ फळ्या वेगळ्या काढतात. मधल्या भागात करवतीने तिरका छेद घेऊन बैठक तयार करतात आणि सारे तुकडे पुन्हा सरसाने जोडतात. जी जागा आतून कोरावी लागत असे, ती अशी बाहेरून, डोळ्यांसमोर घडवता येते. पाते आवळायला दोन्ही बाजूंच्या फळ्यांत बसवलेली एक आडवी लाकडी दांडी आणि पाचर. रोमन कारागिराची ती कांब इथे लाकडाची होऊन परत आली. नवख्यांनी याच पद्धतीने सुरुवात करावी असा माझा आग्रह आहे, आणि या पुस्तकाची मांडणीही त्याच क्रमाने केली आहे.

लाकूड कोणते, हे शक्यतो आपल्या भागात पाहूनच ठरवा. साग आकार चांगला धरतो, पण त्याचा तळ लवकर झिजतो. शिसवी आणि बाभूळ झिजेला चिवट. कुठलेही घ्या, ते पुरते मुरलेले हवे. ओलसर लाकडाचा रंधा सुकताना पिळतो आणि मग कितीही नेमकी बैठक केलेली असो, ती बिघडते. पाते मात्र चांगलेच घ्या. जुन्या मोडक्या रंध्याचे जाड पातेही उत्तम चालते.

पुढची प्रकरणे वाचताना जवळ एक टाकाऊ तुकडा आणि धारदार पटाशी असू द्या. बैठकीचे प्रकरण दोनदा वाचावे, ही वाचकांना विनंती. पाते धारेजवळ बैठकीला पक्के टेकले पाहिजे. तिथे केसाएवढी पोकळी राहिली तरी रंधा थरथरतो आणि फळीवर बारीक लाटा उमटतात. बैठकीच्या मध्यावर किंचित पोकळी राहिली तर बिघडत नाही. तळ सपाट करताना पाते आत ओढून, पण पाचर नेहमीइतकी घट्ट ठोकूनच करा, कारण पाचरीच्या दाबाने ठोकळा सूक्ष्म वाकतो आणि तो वापरात असतो तसाच सपाट व्हायला हवा. पाते पुढे काढायला त्याच्या माथ्यावर हलके ठोकायचे, मागे घ्यायला ठोकळ्याच्या मागच्या टोकावर. हा ठोका किती हलका हे शब्दांत सांगणे अवघड आहे, पण हाताला ते लवकर कळते.

रंधा तयार झाल्यावर त्याला जवसाचे तेल पाजा आणि पहिला पावसाळा गेला की तळ पट्टीने पुन्हा तपासा. दमट हवेत लाकूड फुगते, सुकल्यावर आक्रसते, आणि पहिल्या वर्षी तळाला एकदोन हात तरी द्यावे लागतात. दर वेळी तळ थोडा उतरतो, तसे तोंड थोडे रुंदावते. ते फार रुंद झाले तर पुढच्या कडेला कठीण लाकडाचा तुकडा नेमका बसवून पुन्हा हवे तेवढे अरुंद करता येते. शेवटचे प्रकरण त्या दुरुस्तीचे आहे.