सहा तबकड्यांतला इतिहास

परमुलखातले संगीत प्रथम कानावर पडते तेव्हा बहुधा त्याचा गोंगाटच वाटतो. यात संगीताचा दोष नसतो, तसा कानाचाही नसतो. कुठे लक्ष द्यावे हे कानाला कोणी सांगितलेले नसते, इतकेच. आपल्या घरातले मूल ख्याल ऐकायला शिकते ते आजोबांच्या मांडीवर बसून. समेवर आजोबांची मान हलली की त्याचीही हलते. पण ज्या संगीतात आपले कोणी आजोबाच नाहीत, तिथे मान कोणी हलवून दाखवायची? अमेरिकेतल्या जॅझपुरते हे आजोबांचे काम एका ध्वनिमुद्रिका-संग्रहाने फार उत्तम केले. त्याच संग्रहाची ही हकिगत.

वॉशिंग्टनमध्ये ‘स्मिथसोनियन’ ही वस्तुसंग्रहालये आणि संशोधन यांची प्रचंड संस्था आहे. तिची स्थापना १८४६ची. या संस्थेने १९७३ साली सहा मोठ्या तबकड्यांची एक पेटी काढली आणि तिला ‘अभिजात जॅझचा स्मिथसोनियन संग्रह’ अशा अर्थाचे नाव दिले. आत ऐंशीहून अधिक मुद्रणे होती आणि सोबत एक पुस्तिका. निवड आणि पुस्तिका दोन्ही मार्टिन विल्यम्स या समीक्षकाची. विल्यम्स १९२४ साली व्हर्जिनियात जन्मला. १९५८ मध्ये नॅट हेन्टॉफच्या जोडीने त्याने ‘द जॅझ रिव्ह्यू’ हे मासिक काढले होते. कादंबरी किंवा काव्य यांची जशी बारकाईने चिकित्सा होते तशीच ती जॅझचीही व्हावी, हा त्याचा आग्रह. टपालाने घरोघर गेलेली ही पेटी पुढे अमेरिकेतल्या कित्येक महाविद्यालयांतून पाठ्यपुस्तकासारखी वापरली गेली.

आता यात एवढे विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. चांगली गाणी एकत्र करून विकण्याचा धंदा कंपन्या पूर्वीपासून करीतच होत्या. पण प्रत्येक कंपनी आपल्याच कोठारातले विकणार! जॅझचा इतिहास मात्र कोण्या एका कंपनीच्या कोठारात मावलेला नव्हता. एकच वादक आज या कंपनीसाठी वाजवी, उद्या त्या कंपनीसाठी. कंपन्या बुडत, विकल्या जात आणि जुन्या मुद्रणांवर धूळ साचे. ही विखुरलेली वंशावळ एकत्र बांधायला खप हे ज्याचे पहिले प्रयोजन नाही असा कोणी त्रयस्थ हवा होता. ते काम राष्ट्रीय संग्रहालयाने अंगावर घेतले.

विल्यम्सची खरी करामत मात्र मांडणीत आहे. ‘जॅझ म्हणजे काय?’ या प्रश्नाला त्याने व्याख्येने उत्तर दिले नाही, कानाने दिले. संग्रहाच्या आरंभी ‘मेपल लीफ रॅग’ ही पियानोची रचना आहे. ती स्कॉट जॉप्लिनने १८९९ साली प्रसिद्ध केली. १९१६ मध्ये कागदाच्या भोकाभोकांच्या गुंडाळीवर त्याचे स्वतःचे वादन टिपले गेले, तेच येथे ऐकू येते. सारे कसे आखीव, डौलदार, पायरीपायरीने चाललेले! त्याच्या पाठोपाठ तीच रचना जेली रोल मॉर्टन वाजवतो. हे वादन १९३८चे. ॲलन लोमॅक्स या लोकसंगीताच्या अभ्यासकाने मॉर्टनला ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये पियानोशी बसवून त्याच्या आठवणी मुद्रित केल्या, त्या वेळचे. रचना तीच; पण मॉर्टनच्या हाती तिचे सांधे सैल होतात, ताल झुलू लागतो, डावा हात मध्येच चेष्टा करतो. ही दोन मुद्रणे लागोपाठ ऐकणाऱ्याला व्याख्येची गरज राहत नाही. ‘काय’ वाजवले यापेक्षा ‘कसे’ वाजवले हे या संगीताचे सर्वस्व आहे, ही गोष्ट पाचसहा मिनिटांत त्याच्या अंगी मुरते. एकच बंदिश दोन घराण्यांच्या तोंडून ऐकलेल्या मराठी रसिकाला तर हा धडा अगदी ओळखीचा वाटावा.

पुढचा प्रवास सांगायचा तर किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदापासून सांगावा. एप्रिल १९२३ मध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी त्याचे मुद्रण झाले. मायक्रोफोन अजून आलेला नव्हता. सारे वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीने उभे राहत. मुद्रणगृहाजवळून आगगाडीचा रूळ गेलेला. गाडी धडधडत आली की काम थांबवावे लागे. त्या वृंदात एकवीस वर्षांचा एक पोरगा दुसरा कॉर्नेट वाजवीत होता. त्याचा आवाज इतका दणकट की त्याला इतरांपासून दूर उभे करावे लागले, असे त्याच वृंदात पियानो वाजवणाऱ्या लिल हार्डिनने पुढे सांगितले. हा पोरगा म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. पाचच वर्षांनी, जून १९२८ मध्ये, त्याने ‘वेस्ट एंड ब्लूज’ वाजवले. त्याच्या आरंभी साथ थांबवून तो एकटाच काही क्षण तुतारी फुंकतो. आतापर्यंत जॅझ म्हणजे सर्वांनी मिळून वाजवायचे संगीत होते. येथून पुढे ते एकट्या कलावंताचेही झाले.

त्यानंतर १९३९ साली पाच वर्षे युरोपात काढून परतलेला कोलमन हॉकिन्स ‘बॉडी अँड सोल’ हे लोकप्रिय गीत सॅक्सोफोनवर धरतो. आरंभी मूळ चालीला जरासे शिवतो आणि मग तिचा हात सोडून, केवळ तिच्या स्वरसंगतीच्या आधाराने, आपली नवीच इमारत चढवतो. पुढची पायरी चार्ली पार्करची. ऑक्टोबर १९४७ मध्ये गर्श्विनचे एक गीत त्याने एकाच बैठकीत दोनदा मुद्रित केले. विल्यम्सने ही दोन्ही मुद्रणे शेजारीशेजारी ठेवली आहेत. कलावंत तोच, दिवस तोच, गीत तेच. आणि तरी दोन वादने दोन वेगळ्या कविता आहेत! पार्करला सारे आधीच पाठ असेल अशी शंका मनात आलीच असली तर ती येथे फिटते. हे संगीत त्या क्षणी जन्मते आणि पुन्हा तसे जन्मत नाही.

पण क्षणात जन्मणाऱ्या संगीताचा इतिहास लिहायचा म्हणजे जे टिपले गेले त्यावरच विसंबायचे. न्यू ऑर्लिन्समध्ये ज्याच्या नावाच्या दंतकथा झाल्या तो बडी बोल्डन १९०७ साली वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि १९३१ मध्ये वारला. त्याचा एक सूरही आज उपलब्ध नाही. जॅझची म्हणून ओळखली जाणारी पहिली तबकडी १९१७ साली निघाली, तीही गोऱ्या वादकांची. ज्यांनी हे संगीत घडवले त्या कृष्णवर्णीय समाजाच्या हाती ना कर्णा होता, ना कारखाना. विल्यम्सने आपला संग्रह त्या तबकडीपासून सुरू केला नाही. जॉप्लिन, मॉर्टन, बेसी स्मिथ यांच्यापासून सुरू केला. ही निवड म्हणजे एक निवाडाच होता.

निवाडा म्हटला की अपील आलेच. संग्रहावर टीकाही पुष्कळ झाली. डेव्ह ब्रूबेक १९५८ मध्ये भारतात येऊन वाजवून गेला, जगभर गाजला. त्याला येथे जागा नाही. स्त्रिया बहुतेक गायिका म्हणूनच भेटतात. अमेरिकेबाहेर हे संगीत वाजवणारे तर जवळजवळ नाहीतच. आपल्या मुंबईचेच पाहा. १९३५ साली लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला आणि त्या हवेत गोव्याच्या ख्रिस्ती वादकांची एक पिढी तयार झाली. हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट याला लोक भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटाच्या संगीतात या मंडळींचा हात आहे. नाव ठाऊक नसताना जॅझची एक झुळूक मराठी घरात शिरली ती अशी. एका माणसाने केलेल्या निवडीत एका माणसाच्या कानाची मर्यादा राहणारच. १९८७ साली त्याने स्वतःच सुधारून वाढवलेली आवृत्ती काढली. तो १९९२ मध्ये निवर्तला. २०११ साली स्मिथसोनियनने १११ मुद्रणांचा नवा संग्रह काढला तो जाणकारांच्या समितीकडून निवडून घेऊन. तो अधिक समतोल असेल. पण समितीला आजोबा होता येत नाही!

या पेटीच्या शेवटाकडे जॉन कोल्ट्रेनचे ‘अलाबामा’ आहे. १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅम शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वंशद्वेष्ट्यांनी बाँब उडवला; चार मुली ठार झाल्या. दोन महिन्यांनी कोल्ट्रेनने ही रचना मुद्रित केली. तिच्यात शब्द नाही, घोषणा नाही. सॅक्सोफोन संथपणे, प्रार्थना म्हणावी तसा बोलत राहतो. पहिल्या तबकडीपासून येथवर चालत आलेल्या श्रोत्याला त्या बोलण्याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. नवशिक्यासाठी केलेल्या संग्रहाची याहून मोठी परीक्षा कोणती?

आणखी एक नोंद करावीशी वाटते. स्कॉट जॉप्लिन १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये वारला आणि क्वीन्स भागातल्या दफनभूमीत एका साध्या थडग्यात पुरला गेला. १९७३ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयाने आपल्या देशाच्या संगीताचा इतिहास त्याच्या बोटांनी सुरू केला, तेव्हाही त्या थडग्यावर नावाचा दगड नव्हता. तो १९७४ साली बसला.