धोटा आणि सम्यक स्मृती



वर्धापनदिनाच्या स्मरणिकांत धम्मावर लेख येतात. त्यांत राजा बिंबिसार, अनाथपिंडिक श्रेष्ठी, सम्राट अशोक यांची नावे असतात, आणि ती असायलाच हवीत. पण हातावर पोट असलेल्या माणसांनी तथागतांचा उपदेश कसा आचरला, हे फारसे कुणी सांगत नाही. आम्ही गिरणीत जन्म काढलेली माणसे. म्हणून या वेळी कातणाऱ्या-विणणाऱ्यांचा इतिहास सांगायचे ठरवले.

त्याला कारणही तसेच आहे. वस्तीत ध्यानाचा विषय निघाला की दोन उत्तरे ठरलेली. एकजण म्हणतो, "ध्यान हे रिकाम्या माणसाचं काम, आम्हाला कुठला वेळ?" दुसरा म्हणतो, "सगळे डोळे मिटून बसले तर लढायचं कुणी?" दोघांनाही हसण्यावारी नेऊन चालणार नाही. उत्तर इतिहासात शोधू.

माहुताचा मुलगा काय म्हणाला?

मज्झिम निकायात कंदरक सुत्त आहे. भगवान चंपा नगरीत गग्गरा पुष्करिणीच्या काठी होते. ही चंपा म्हणजे आजच्या बिहारमधल्या भागलपूरजवळची. तिथे पेस्स नावाचा माणूस आला. कोण होता हा पेस्स? हत्ती हाकणाऱ्याचा मुलगा. चार स्मृतिप्रस्थानांचा, म्हणजे काया, वेदना, चित्त आणि धम्म यांच्याकडे सावधपणे पाहण्याचा उपदेश चालला होता. पेस्स म्हणाला, आम्ही पांढरी वस्त्रे नेसणारी घरगृहस्थीची माणसेसुद्धा अधूनमधून या चार ठिकाणी चित्त स्थिर करून राहतो. तो निघून गेल्यावर भगवंतांनी भिक्खूंसमोर त्याला प्रज्ञावान म्हटले. म्हणजे ध्यान फक्त चीवरधाऱ्यांचे, ही समजूत मूळ सुत्तालाच मान्य नाही.

सतिपट्ठान सुत्ताचा उपदेश कुरू देशातल्या कम्मासधम्म या गावी झाला. त्या सुत्ताची अट्ठकथा इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत रचली. तिच्यात त्या मुलखाचे वर्णन येते. तिथले दास आणि कामकरीसुद्धा स्मृतीविषयी बोलत. पाणवठ्यावर आणि सूत कातायच्या जागी बायका रिकाम्या गप्पा मारीत नसत. "बाई, तू कोणत्या स्मृतीचा अभ्यास करतेस?" असे एकमेकींना विचारीत. एखादी "कसलाच नाही" म्हणाली तर तिची कानउघाडणी होई. आपल्या नळावर असे बोलणे ऐकू आले तर काय बहार होईल!

आळवीची विणकर मुलगी

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातल्या एका विणकराच्या मुलीची कथा आहे. भगवान आळवीला आले तेव्हा त्यांनी मरणस्मृतीचा उपदेश केला. जगण्याचा भरवसा नाही, मरण मात्र ठरलेले आहे, हे रोज ध्यानात ठेवा, असा त्याचा आशय. लोक ऐकून आपापल्या कामाला लागले आणि विसरले. सोळा वर्षांची ही एकटी पोरगी विसरली नाही. तीन वर्षे तिने रोज हा अभ्यास केला.

तीन वर्षांनी भगवान पुन्हा आळवीला आले. ते कळले तेव्हा मुलीला जायचे होते. पण बापाने काम सांगितले होते. गिऱ्हाईकाचे कापड मागावर थोडे उरले होते, त्यासाठी कांडी भरून आणायची होती. तिने काम टाकले नाही. आधी कांडी भरली, टोपलीत ठेवली आणि बापाकडे जाताना सभेच्या कडेला उभी राहिली. तोवर भगवान काही न बोलता बसून होते. एवढी मोठी सभा एका कामकरी मुलीसाठी थांबली होती.

त्यांनी तिला विचारले, कुठून आलीस? ती म्हणाली, माहीत नाही. कुठे जाणार? माहीत नाही. माहीत नाही का? माहीत आहे. माहीत आहे का? माहीत नाही. लोक चिडले. विणकराची पोर ती, तथागतांना उलट उत्तरे देते म्हणजे काय! भगवंतांनी त्यांना गप्प केले आणि तिलाच अर्थ सांगायला लावला. या जन्माला कुठून आले ते माहीत नाही, पुढे कुठे जाणार ते माहीत नाही. मरण येणार हे माहीत आहे, पण कधी ते माहीत नाही. भगवंतांनी चारही उत्तरांना साधुकार दिला.

पुढचा भाग वाचताना गिरणीतल्या माणसाच्या काळजात चर्र होते. ती मागाजवळ गेली. बाप मागावर बसल्या बसल्या झोपला होता. टोपलीच्या आवाजाने दचकून उठला, सवयीने दांडा ओढला, तो मुलीच्या छातीवर बसला आणि ती तिथेच गेली. थकलेला कामगार आणि त्याचा माग, यांची ही गोष्ट आपल्याला परकी नाही. बाप रडत भगवंतांकडे गेला. त्यांनी त्याला सावरले आणि तो पुढे भिक्खू झाला.

ही अट्ठकथा तथागतांनंतर कित्येक शतकांनी लिहिली गेली, म्हणून तिच्यातला शब्द न् शब्द घडलाच असा आमचा आग्रह नाही. पण परंपरेने मान कुणाला दिला? ज्यांनी ऐकून सोडून दिले त्यांना नाही, तर हातात कांडी असताना स्मृती ठेवणाऱ्या मुलीला.

लेण्यातला विणकरांचा हिशोब

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांची सहल बहुतेकांनी केली असेल. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्याने ३,००० कार्षापणे गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. एकीकडे २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीचे व्याज वर्षाला २४० होते. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापणे चीवरासाठी मिळत. हिशोब करून बघा, बरोब्बर जुळतो. जावयाचा पैसा विणकरांच्या भरवशावर होता. संघाच्या अंगावरच्या वस्त्रामागे त्यांच्या सचोटीचा शब्द होता. सम्यक आजीविका म्हणतात ती ही.

आमच्या वाटचा धोटा

आता मुंबईच्या गिरण्यांकडे येऊ. तिथे साळखात्यात, म्हणजे विणाईत, मजुरी बरी मिळे. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून भोकातून बाहेर काढावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड लावायला तयार नव्हते, म्हणून आपल्या माणसांना साळखाते बंद! त्यांनी कमी मजुरीच्या रिंगखात्यात राबायचे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला.

ज्या बाबासाहेबांनी धोट्याचा हक्क मागितला, त्यांनीच १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्याकडून अष्टांग मार्गाची प्रतिज्ञा घेतली. त्या आठ अंगांत आजीविका पाचवी, स्मृती सातवी आणि समाधी आठवी. पाच-सहा अंगे घ्यायची आणि उरलेली भिक्खूंवर ढकलायची, अशी सूट त्या प्रतिज्ञेत नाही.

मग लढायचे कुणी? सिगालोवाद सुत्त वाचा. मालकाने कामगाराला झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळोवेळी सुट्टी द्यावी. कामगारानेही काम चोख करावे. स्मृती म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. अपमान झाला की छातीत आग उठते. ती वेदना उठली हे ओळखायचे, श्वासावर यायचे आणि मग काय करायचे ते ठरवायचे. रागाच्या भरात उचललेला हात पोलीस चौकीत नेतो. शुद्धीवर राहून लिहिलेला अर्ज आणि दहा जणांची एकजूट मालकाला विचार करायला लावते.

वेळ नाही म्हणणाऱ्यांना आळवीची मुलगी पुरेशी आहे. कामावर जाताना गाडीत दहा श्वास सावधपणे घेता येतात. पगाराच्या दिवशी गुत्त्याच्या वळणावर पाय का थबकला, हे बघता येते. घरात शिरताना दिवसभराचा राग चपलांबरोबर बाहेर ठेवता येतो. हे जमले तर घरातली बाई आधी ओळखील. दहा दिवस शिबिरात बसून आलेला माणूस घरी येऊन ताट भिरकावत असेल, तर त्याचे ध्यान अजून उंबऱ्याबाहेरच आहे.

आमची विहार समितीला एक सूचना आहे. रविवारच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटे सर्वांनी शांत बसावे आणि मुलांना आळवीच्या मुलीची गोष्ट सांगावी. आता बिनधोट्याचे माग आले, कित्येक गिरण्यांचे भोंगे बंद झाले, आपली पोरे दुसऱ्या कामांना लागली. काम कोणतेही असो, हात चालू असताना मन जागे ठेवायची ही विद्या कष्टकऱ्यांचीच आहे. ती आपण आपल्या घरी परत आणू या.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!