होशरुबाची सत्ता कोणी बुडवली?

जादूटोण्याची पुस्तके घरात नकोत, असे आपल्या अनेक घरांतून आजही ऐकू येते. त्यामागे श्रद्धा आहे आणि तिचा आदर ठेवलाच पाहिजे. पण याच धाकापोटी उर्दूतला एक प्रचंड ग्रंथ आपल्यापैकी बहुतेकांनी न वाचताच दूर ठेवला. तो म्हणजे 'तिलिस्म-ए-होशरुबा'. काळी जादू, सत्तेची हाव आणि एकाच मनात नांदणारी अनेक प्रेमे हा त्याचा विषय. तरीही तो जादूचे गोडवे गाणारा ग्रंथ आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

हा ग्रंथ अमीर हमजाच्या दास्तानचा एक भाग. हजरत हमजा (रजि.) उहूदच्या लढाईत शहीद झाले, हा इतिहास. दास्तानमधल्या हमजाचे त्यांच्याशी नाते जवळजवळ नावापुरतेच आहे. ही दास्तान फारसीतून हिंदुस्थानात आली आणि इथे रमली. अकबराने ती चितारून घेतली, तेव्हा सुमारे १४०० चित्रे तयार झाली. पुढे लखनौच्या दास्तानगोंनी तिला उर्दूचा साज चढवला आणि त्यांच्याच कल्पनेतून होशरुबाची मायानगरी उभी राहिली.

१८५६ साली अवधचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. पुढच्याच वर्षीच्या उठावात लखनौ होरपळले. त्या पडझडीत १८५८ साली मुन्शी नवलकिशोर यांनी तिथे छापखाना काढला. कुरआन शरीफपासून संस्कृत ग्रंथांपर्यंत सारे तिथे छापले जाई. याच छापखान्याने १८८३ पासून होशरुबाचे खंड काढले. पहिले चार मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन कमर यांचे. १८९३ पर्यंत सात खंड, सुमारे आठ हजार पाने! दास्तान सांगणारे मुसलमान, छापणारा हिंदू आणि वाचक दोन्हीकडचे. आपल्या सामायिक वारशाचा यापेक्षा ठळक दाखला कोणता द्यायचा?

या मायानगरीचा बादशहा अफरासियाब हा जादूगारांचा शहेनशहा. त्याच्या राज्याचे तीन भाग: जाहिर, बातिन आणि जुल्मात, म्हणजे दिसणारा, दडलेला आणि अंधाराचा. मधून वाहत्या रक्ताची नदी जाते. प्रत्येक तिलिस्माचे आयुष्य ठरलेले असते आणि ते फोडणाराही ठरलेला असतो, हा दास्तानचा नियम. होशरुबा फोडणार आहे हमजाचा नातू असद. अफरासियाबाची सारी धडपड हे विधिलिखित टाळण्यासाठी आहे. नेमून दिलेली मुदत संपली तरी तख्त सोडायचे नाही, ही ती महत्त्वाकांक्षा.

आता त्याचे राज्य पोखरते कोण? असदच्या तलवारीआधी ते पोखरतात त्याच्याच घरातली माणसे. घराण्यातली शहजादी महजबीन असदवर भाळते. तिच्या मायेपोटी तिची आजी महरुख ही थोर जादूगारीण बादशहाविरुद्ध उभी राहते. अफरासियाबाची मलिका हैरत, पण त्याचा जीव हैरतच्या बहिणीवर, बहारवर जडलेला. दोघी बहिणींत असूया पेटते. पुढे ही बहारही महरुखला जाऊन मिळते. फुलांचा गुच्छ फेकून शत्रूच्या फौजेला वेड लावणारी ही बाई! जिला बादशहाने हृदयात ठेवली, तीच त्याच्या विरोधात लढते.

अनेकांवरचे प्रेम हमजाच्या गोटातही आहे. मेहरनिगारला शब्द देऊन अठरा दिवसांसाठी काफला गेलेला हमजा तिथे अठरा वर्षे अडकतो आणि आसमान परीशी निकाह करतो. वाट पाहणारीचे दुःख आणि परीचा संताप दास्तान लपवत नाही. बायकांचे पहिल्याच नजरेत हृदय देणे, अय्यारांची क्रूर फसवणूक, जेत्यांचीच बाजू खरी मानणे हे तिचे दोषही आपण झाकू नयेत.

मग हा ग्रंथ मागे का पडला? १८७४ च्या 'तौबतुन्नसूह'मध्ये नजीर अहमद यांचा नसूह मुलाची पुस्तके जाळतो. होशरुबाचा शेवटचा खंड आला त्याच १८९३ साली हाली यांनी आपल्या 'मुकद्दमा'त उर्दू कवितेला सुधारणेचा रस्ता दाखवला. पराभूत समाजाला शिक्षण हवे होते, ही त्यांची तळमळ खरी होती. पण कल्पनाशक्तीलाच गुन्हेगार ठरवण्यात आपले नुकसान झाले. मराठीतही १८६१ साली हळब्यांची 'मुक्तामाला' आली आणि चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. पुढे वास्तववादाच्या ओघात असे लेखन हलके ठरले. १९२८ साली दिल्लीचे मीर बाकर अली वारले आणि दास्तानगोईची जुनी परंपरा खंडित झाली. शम्सुर्रहमान फारुकी यांनी अभ्यासाने तिची प्रतिष्ठा परत मिळवून दिली. २००५ पासून दास्तान पुन्हा रंगमंचावर ऐकू येऊ लागली.

आपली पोरे मराठी शाळेत शिकली, त्यात गैर काही नाही. पण उर्दू लिपी सुटली म्हणून दास्तानही सुटावी का? तिचा एखादा खंड तरी मराठीत यायला हवा. जादूने बांधलेले तख्त जवळच्या माणसांच्या दुराव्याने कोसळते, हे तिच्याइतक्या रंजकपणे कोणी सांगितले आहे? श्रद्धावान माणसाने या कथेला घाबरावे, असे तिच्यात काय आहे?