बुक पोस्ट: पाच शब्दांची पत्रिका

आजचा भाग सुरू होतो सोलापुरातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर. दिवाळीची साफसफाई करताना आजोबांच्या ट्रंकेत मला एक लग्नपत्रिका सापडली. १९६६ सालची, माझ्या आत्याच्या लग्नाची. पाकिटाच्या कोपऱ्यात छापलंय ‘बुक पोस्ट’. पत्ता गुलबर्ग्याचा, आजोबांच्या थोरल्या भावाचा. वर काळा शिक्का, पेनाने लिहिलेली रक्कम आणि शेरा: घेण्यास नकार.

आता मला एवढं माहीत होतं, की गुलबर्ग्याचे अण्णाआजोबा त्या लग्नाला आले नव्हते. त्यानंतर दोन्ही घरांचं येणंजाणं बंद झालं. का, ते कुणी सांगत नसे. उत्तर त्या पाकिटात होतं, पण ते कळायला पोस्टाचे नियम माहीत पाहिजेत.

तर थोडं मागे जाऊ. १८५४ साली भारतभर एकच टपाल दर लागू झाला. पाव तोळ्यापर्यंतचं पत्र अर्ध्या आण्यात, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. १८६० मध्ये सोलापूरला रेल्वे आली आणि टपाल बैलगाडी-घोड्यावरून उतरून डब्यात बसलं. १ जुलै १८७९ ला आलं पोस्टकार्ड. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. पत्राच्या निम्म्या दरात! पण अट अशी, की एका बाजूला फक्त पत्ता. मजकूर दुसरीकडे. जुनी चित्रांची कार्डं बघा, चित्राच्या कडेकडेने बारीक अक्षरात खुशाली कोंबलेली दिसते. लिहिणारा हौशी नव्हता, नियमच तसा होता. पत्त्याच्या बाजूचे दोन भाग करून अर्ध्यात लिहायची मुभा जगभरात मिळाली ती १९०६ च्या रोममधल्या टपाल परिषदेनंतर.

छापील मजकुराची गोष्ट आणखी वेगळी. पुस्तकं, मासिकं, पत्रिका यांना पत्रापेक्षा कमी दर. कारण सरळ आहे: छापलेलं सगळ्यांसाठी असतं, ते स्वस्तात पसरावं. सोलापूरसारख्या गावाला याचा केवढा उपयोग! १८८० च्या दशकात हिराचंद नेमचंद दोशींनी इथून ‘जैन बोधक’ काढलं. दाते पंचांग इथलंच, शंभरहून जास्त वर्षांचं. इथे छापलेलं लांबच्या वाचकाच्या दारात न्यायला पोस्टमन होताच.

पण स्वस्त म्हटलं की पळवाट आली. लोक छापील कागदात चिठ्ठी घालून पाठवणार, मग पत्राचं तिकीट कोण लावणार? म्हणून बुक पोस्टाचं पाकीट चिकटवायचं नाही. झाकण नुसतं आत खोचायचं, पोस्टातल्या माणसाला उघडून बघता आलं पाहिजे. आणि आत खाजगी मजकूर नको. गंमत बघा, छापखान्याच्या प्रुफावर लेखकाने हाताने केलेल्या दुरुस्त्या चालत. पण त्याच प्रुफावर ‘तब्येत कशी आहे?’ असं लिहिलं, की ते झालं पत्र! मग पत्राचा दर लागणार आणि जेवढे पैसे कमी, त्याच्या दुप्पट घेणाऱ्याकडून वसूल. यालाच आपली आजी-आजोबा मंडळी ‘बेरंग’ म्हणायची.

आंतरराष्ट्रीय टपालात थोडी सवलत होती. भारत १८७६ पासून जागतिक टपाल संघात आहे. त्या संघाच्या नियमात छापील शुभेच्छापत्रावर हाताने जास्तीत जास्त पाच शब्द लिहिता येत. पण कसले? शुभेच्छा, अभिनंदन, आभार, सांत्वन. रीतीचे शब्द.

आता आमची पत्रिका. मी झाकण उघडलं. आत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ वगैरे सगळं छापील. आणि खाली आजोबांच्या अक्षरात, निळ्या शाईने:

‘अण्णा, झालं गेलं विसरा. या.’

मोजा. पाचच शब्द आहेत. पण ते रीतीचे नव्हते. मनापासून लिहिलेले होते, म्हणून पोस्टाच्या हिशेबात ते पत्र ठरलं. पोस्टातल्या माणसाची काही चूक नाही. त्याने झाकण उघडलं, शाई बघितली, शिक्का मारला. गुलबर्ग्याला पोस्टमनने आधी पैसे मागितले. अण्णांनी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि पाकीट परत केलं. आत काय लिहिलंय ते त्यांना कधी कळलंच नाही. नियमाप्रमाणे परत आलेल्या पाकिटाचे पैसे पाठवणाऱ्यानेच द्यायचे. आजोबांनी ते भरले असणार, आणि पाकीट ट्रंकेत ठेवून दिलं.

मी अण्णांच्या मुलाला, म्हणजे माझ्या चुलतकाकांना फोन लावला. ते म्हणाले, “अगं, आमच्याकडे एवढंच सांगायचे, की सख्ख्या भावाने बेरंग पत्रिका पाठवली. पुरतं तिकीट लावायचीसुद्धा किंमत नाही आमची.”

मी त्यांना फोटो पाठवला. दोन निळ्या रेघा आल्या. बराच वेळ काहीच नाही. मग फोन आला. काकांनी ते पाच शब्द मोठ्याने वाचले आणि म्हणाले, “अण्णा वाचायला पाहिजे होते गं हे.”

आज साधं पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळतं. पुस्तकांसाठी मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ नावाची सेवा आहे, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपयांत. म्हणजे छापलेल्याला सवलत ही जुनी कल्पना अजून जिवंत आहे. आपण मात्र पत्रिका व्हॉट्सॲपवर टाकतो, दोनशे जणांना एकदम, फुकट. तिथे कुणी झाकण उघडून बघत नाही. आपल्या शब्दांचे कुणी दुप्पट पैसेही मागत नाही. तरी त्या पीडीएफखाली एका माणसासाठी दोन ओळी लिहायचं आपण विसरतोच ना?

घरच्या ट्रंका उघडा. पाकिटावरचे शिक्के नीट बघा. आणि कुणाला ‘या’ म्हणायचं राहिलं असेल, तर आजच म्हणा. भेटू पुढच्या भागात!