तळटीप : ‘भ्रूण सदोष निघाले’

* शरीराबाहेर फलित केलेल्या भ्रूणाच्या गुणसूत्रांची चाचणी करून प्रयोगशाळेने दिलेला असा अहवाल अंतिम निकाल मानू नये. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात. स्त्रीबीज घडताना किंवा फलनानंतरच्या पहिल्या विभाजनांत त्यांची वाटणी चुकते, आणि हे सर्वसाधारण समजुतीहून फार वेळा घडते. चूक फलनानंतरची असेल, तर काही पेशी सदोष, काही निर्दोष असे मिश्र भ्रूण तयार होते. चाचणीसाठी पाचव्या-सहाव्या दिवशी मोजक्याच पेशी काढतात, त्याही पुढे वार बनणाऱ्या बाहेरच्या थरातून. बाळ ज्या पेशींतून घडते त्यांना हात लागत नाही. रोममधील ग्रेको आणि सहकाऱ्यांनी 18 स्त्रियांच्या गर्भाशयात मिश्र भ्रूणे सोडली. 6 निरोगी बाळे जन्मली (2015). पुढच्याच वर्षी केंब्रिजच्या मॅग्डालेना झेर्निका-गोएत्झ यांनी उंदरांच्या भ्रूणात सदोष पेशी मरताना व निर्दोष पेशी त्यांची उणीव भरून काढताना दाखवल्या. सगळ्याच पेशी सदोष असल्या तर मात्र अशी आशा धरता येत नाही. अशी बहुतेक भ्रूणे रुजत नाहीत किंवा लवकर गर्भपात होतो. त्यात आईचा काही दोष नसतो, हे डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगायलाच हवे. भारतात ही चाचणी करता येते. तिच्यातून कळणारे लिंग सांगणे मात्र 1994 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. — संपादक