रोजगार हमीचे काम आणि आपण भगिनी

भगिनींनो, आपल्या कोल्हापुरास पंचगंगेचे पाणी आहे. त्यामुळे दुष्काळ हा शब्द आपल्याला जरा परका वाटतो. परंतु शेजारच्या तासगाव, जत, आटपाडीकडे पूर्वी सुगी संपली की शेतात काम उरत नसे. मृगाचा पाऊस येईपर्यंत चूल कशी पेटवावी, हा प्रश्न तिथल्या घरच्या बाईला दरवर्षी पडे. त्यावरचे एक मोठे उत्तर आपल्या शेजारीच तयार झाले. त्याची हकीकत थोडक्यात सांगते.

दुष्काळात सरकारने कामे काढण्याची रीत जुनी आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात कामे काढली, स्वस्त धान्याची दुकाने उघडली आणि कामावरच्या बायकांच्या मुलांसाठी शिशुगृहे चालविली. राजा कनवाळू म्हणून हे झाले. पण राजा तसा नसला तर गरिबाने काय करावे?

विसापूरचे वि. स. पागे यांनी या प्रश्नाला हात घातला. ते विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम मिळालेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. १९६९ साली तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात त्याचा प्रयोग झाला आणि १ मे १९७२ पासून योजना राज्याने घेतली. त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती.

माझ्या सासूबाईंचे माहेर तिकडचे. त्या तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. भाकरी फडक्यात बांधून त्या आईबरोबर खडी फोडायला जात. मिलोची लाल भाकरी आणि मुलांना मिळणारी सुकडी यांची आठवण त्या अजून काढतात. त्या म्हणतात, "हजेरीपत्रकावर माझं नाव माझं म्हणून लागलं, ते पहिल्यांदा तिथंच."

पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या खेड्यातील प्रौढ माणसाला काम देणे सरकारवर बंधनकारक झाले. काम न दिल्यास बेकारभत्ता द्यायचा, आणि स्त्री-पुरुषांना मजुरीचा दर एकच. शेतात बाईची मजुरी नेहमी कमी धरली जाई, तेव्हा ही गोष्ट लहान नव्हती. अनेक कामांवर बायका पुरुषांच्या बरोबरीने असत.

ही कामे मुख्यतः माती आणि पाणी राखण्याची. उताराला आडवे बांध घातले की पावसाचे पाणी थांबते आणि माती वाहून जात नाही. पाझर तलावाला कालवा नसतो. त्यातले पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या विहिरींना उतरते. गायरानात उन्हाळ्यात खड्डे खणायचे आणि पावसाळ्यात रोपे लावायची. पुरुषाने टिकाव मारायचा, बाईने घमेले उचलायचे. असे डोक्यावरून माती वाहून तलाव उभे राहिले.

सारे गोड झाले असे मात्र नाही. मजुरी उशिरा मिळे, मोजणीत माती कमी भरे, पाळणाघर पुष्कळदा कागदावरच राही. अडाणी बाईने अंगठा उठवायचा आणि पैसे नवऱ्याच्या हाती पडायचे, असेही होई. आणि विहिरीला पाणी आले तरी विहीर तिची नसे.

तरीसुद्धा या योजनेचा धागा आपल्या घरापर्यंत येतो. तिच्यासाठी १९७५ पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, बागायती जमिनीवर उपकर बसला, आणि सरकारने तितकीच भर घालायची ठरले. म्हणजे शहरातल्या पगाराचा आणि उसाच्या मळ्याचा थोडा वाटा माळावरच्या बाईच्या मजुरीला गेला. पुढे २००५ साली केंद्राने देशासाठी असा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

आपण मंडळात वर्गणी देतो, तेव्हा हिशेब विचारतो. या कराचाही हिशेब विचारावा. आपल्या माहेरच्या, सासरच्या गावी कामे निघतात का, बायकांची मजुरी वेळेवर मिळते का, मुलांसाठी सावली आहे का, एवढे तरी सुट्टीत गेल्यावर पाहावे. काम मागणे हा त्या बाईचा हक्क आहे, आणि हक्काची चौकशी करणारे चारजण असले की तो कागदावर पडून राहत नाही.